गावाचे सांडपाणी, नदीचे पात्र आणि फडाची शेती

पावसाळा संपून मार्गशीर्ष उजाडला की खानदेशातील बहुतेक नद्यांचे खरे रूप दिसू लागते. धुळ्याची पांझरा, अमळनेरची बोरी, चाळीसगावची तितूर, साक्रीची कान ह्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात. परंतु पुढे पात्रातील धार दिवसेंदिवस बारीक होत जाते आणि होळीच्या सुमारास कित्येक ठिकाणी वाळूखेरीज काही उरत नाही. तथापि जेथे नदी नगराच्या वस्तीस लागून जाते, तेथे भर उन्हाळ्यातही पात्रात एक काळसर धार वाहताना आढळते. ही धार डोंगरातून आलेली नसते. ती न्हाणीघरांची, मोऱ्यांची, संडासांची आणि गटारांची असते. वर्षातील सात-आठ महिने नगराचे सांडपाणी हीच तेथील नदी होऊन बसते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ही धार जेथे उगम पावते तेथेच थांबत नाही. पांझरा मुडावदजवळ तापीस मिळते. गिरणा जळगाव जिल्ह्यात तापीस मिळते. तापी पुढे गुजरातेत उकाईच्या जलाशयात जाते आणि तिचेच पाणी सुरतेचे लोक पितात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित म्हणून नोंदविले. त्यांपैकी ५३ पट्टे, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, महाराष्ट्रातील होते. आणि त्यांत तापी, गिरणा, पांझरा व वाघूर ह्या खानदेशच्या नद्यांचा समावेश होता.

नदी बिघडली म्हणजे सर्वांचेच नुकसान होते हे खरे. परंतु पहिला फटका बसतो तो नगराच्या खालच्या अंगास असलेल्या पहिल्या गावास. त्या गावाच्या विहिरी पात्रालगत असतात, गुरे पात्रातच पाणी पितात आणि रब्बीचे ओलित पात्रातल्या किंवा नाल्यातल्या पाण्यावरच होते. म्हणून सांडपाण्याचा प्रश्न हा केवळ नगरपालिकेचा प्रश्न नसून तो शेतकऱ्याचाही आहे. त्याचबरोबर, हे पाणी योग्य रीतीने हाताळल्यास त्याचा पहिला लाभही शेतकऱ्यासच मिळू शकतो. तो कसा, ह्याचा विचार पुढे केला आहे.

सांडपाण्यात काय असते?

सांडपाणी काळे व दुर्गंधीयुक्त दिसत असले तरी त्यात शेकडा ९९ पेक्षा अधिक भाग निव्वळ पाणीच असते. उरलेल्या थोड्या भागात तीन प्रकारचे पदार्थ असतात. पहिला प्रकार कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा. दुसरा नत्र, स्फुरद व पालाश ह्या खतद्रव्यांचा. आणि तिसरा रोगजंतू व जंतांच्या अंड्यांचा. ह्यांशिवाय साबण व धुण्याच्या पावडरी ह्यांतून येणारे सोडियमसारखे क्षारही त्यात असतात.

उदाहरणादाखल वीस हजार वस्तीचे एक नगर घेऊ. तेथे दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी पुरविले जाते असे धरल्यास एकूण पुरवठा २७ लाख लिटर होतो. पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते असा अनुभव आहे. म्हणजे ह्या नगराच्या नाल्यातून दररोज सुमारे २१ लाख ६० हजार लिटर पाणी वाहील. कच्च्या सांडपाण्यात दर लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम नत्र आढळते. सरासरी ४० मिलिग्रॅम धरले तरी दररोज ८६ किलोग्रॅम नत्र त्या नाल्याने नदीत जाते. युरियाच्या हिशेबाने पाहिल्यास ४५ किलोंची चार पोती रोज पात्रात रिकामी करावीत, तसा हा प्रकार आहे.

हे खत जमिनीत गेल्यास पीक पोसते. तेच नदीत गेल्यास शेवाळ व जलपर्णी पोसते. आणि पात्राच्या वाळूतून झिरपून विहिरीत उतरल्यास पिण्याच्या पाण्यातील नायट्रेट वाढविते. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये असे भारतीय मानक आहे. त्याहून अधिक नायट्रेट असलेले पाणी दुधाच्या भुकटीत मिसळून तान्ह्या मुलास पाजल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते, अंग निळे पडते आणि जीवासही धोका संभवतो.

नदी आपोआप शुद्ध का होत नाही?

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने सूक्ष्म जीव कुजणारे पदार्थ खाऊन टाकतात आणि नदी काही अंतरावर पुन्हा निवळते. परंतु ह्या कामास दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे भरपूर स्वच्छ पाणी, आणि दुसरी म्हणजे त्या पाण्यात भरपूर प्राणवायू. खानदेशात वर्षाचे बरेच महिने ह्या दोन्हींची वाण असते.

सूक्ष्म जीवांस सांडपाण्यातील घाण कुजविण्यासाठी किती प्राणवायू लागेल, ह्यावरून त्या पाण्याची घाण मोजतात. वर सांगितलेल्या नगराच्या कच्च्या सांडपाण्याची प्राणवायूची मागणी दर लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम असते. स्नानायोग्य नदीच्या पाण्यात ही मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर असू नये आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असू नये, असे मानक आहे. ह्याचा अर्थ असा की, कच्च्या सांडपाण्याच्या एका भागात निदान ऐंशी भाग अगदी निर्मळ पाणी मिसळले तरच नदी स्नानायोग्य राहील. भाद्रपदातील पुरात हे होऊ शकेल. चैत्रात, पात्र कोरडे असताना, ऐंशी भाग पाणी आणावयाचे कोठून?

दुसरी अडचण उन्हाची. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश उष्णतेच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. शिवाय उष्णतेने कुजण्याची क्रिया जलद होते व असलेला प्राणवायूही लवकर संपतो. मग पाणी सडते, त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि मासे मरतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. शुद्ध केलेले सांडपाणी नदीत सोडण्यासाठी प्राणवायूच्या मागणीची सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम ठरविलेली आहे. ह्या मर्यादेत बसणारे पाणी सोडले तरी त्यात दहा पट स्वच्छ पाणी मिसळावे लागते, तेव्हा नदीचे मानक कसेबसे राखले जाते. बारमाही नदीच्या काठी हे शक्य आहे. कोरड्या पात्रात नाही. म्हणून खानदेशात सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडणे एवढ्याने काम भागत नाही. कोरड्या महिन्यांत ते शुद्ध करून शेतात जिरविणे आणि केवळ पावसाळ्यात, नदीस पूर असताना, उरलेले पाणी पात्रात जाऊ देणे, हा ह्या प्रदेशास मानवणारा क्रम होय.

सूर्यप्रकाशावर चालणारी तळी

सांडपाणी शुद्ध करण्याच्या यांत्रिक पद्धती अनेक आहेत. मोठ्या शहरांस जागेच्या अभावी त्या पत्कराव्या लागतात. परंतु त्यांस अखंड वीज, जाणकार माणसे व नित्य दुरुस्ती लागते. लहान नगरपालिकेस हा खर्च पेलत नाही आणि यंत्र बंद पडले की कच्चे पाणी पूर्ववत नाल्यास लागते. उलट, ज्या नगरास थोडी जागा उपलब्ध आहे व ज्या प्रदेशात ऊन मुबलक आहे, त्यास स्थिरीकरण तळ्यांची पद्धत सोयीची पडते. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ह्या तळ्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि भारतीय हवामानास अनुसरून त्यांचे आराखडे कसे करावेत ह्याविषयीचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध केले. ही संस्था १९७४ पासून ‘नीरी’ ह्या नावाने ओळखली जाते.

ह्या पद्धतीत प्रथम लोखंडी जाळीवर चिंध्या, प्लॅस्टिक इत्यादी केरकचरा अडविला जातो व एका अरुंद हौदात वाळू खाली बसू दिली जाते. नंतर पाणी सुमारे दीड मीटर खोलीच्या पसरट तळ्यात सोडतात. तेथे शेवाळ व सूक्ष्म जीव ह्यांची जणू भागीदारी चालते. शेवाळ सूर्यप्रकाशात वाढते आणि प्राणवायू बाहेर टाकते. त्या प्राणवायूवर सूक्ष्म जीव घाण कुजवितात व कर्बवायू बाहेर टाकतात. तो पुन्हा शेवाळाच्या उपयोगी पडतो. तळाशी बसलेला गाळ प्राणवायूवाचून सावकाश कुजत राहतो. ह्या साऱ्या व्यवहारास ना पंप लागतो, ना वीज.

ह्यानंतर पाणी दोन-तीन उथळ तळ्यांतून क्रमाक्रमाने पुढे जाते. तेथे मुख्यतः रोगजंतूंचा नाश होतो. दिवसा शेवाळामुळे पाणी अल्कधर्मी होते, प्रखर ऊन जंतूंस मारक ठरते आणि जंतांची जड अंडी तळाशी बसतात. ह्या कामाचे गमक एकच : वेळ. जुन्या काळी जाणता शेतकरी मैला कच्चा शेतात टाकीत नसे. खड्ड्यात पुरता कुजवून त्याचे सोनखत झाल्यावरच तो वापरीत असे. तळ्यांच्या पद्धतीत तेच तत्त्व पाण्यास लावलेले आहे.

जागा किती लागते, हेही पाहणे जरूर आहे. धुळे व जळगाव ही दोन्ही २१ अक्षांशाच्या आसपास आहेत. ह्या अक्षांशावर पहिल्या तळ्याच्या दर हेक्टरी दररोज सुमारे २४५ किलोग्रॅम इतक्या प्राणवायूच्या मागणीचा भार सोसतो. आपल्या उदाहरणातील नगराचा भार दररोज ५४० किलोग्रॅम होतो. म्हणजे पहिल्या तळ्यास सुमारे सव्वादोन हेक्टर जागा लागेल आणि त्यात पाणी साधारणपणे पंधरा दिवस राहील. पुढील तळी, बांध व रस्ता धरून एकूण साडेतीन ते चार हेक्टर जागेची तरतूद करावी लागेल. कडक उन्हाळ्यात तळ्यातून दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जाते. ही तूट हिशेबात धरावी.

तळ्यांची निगा सोपी असली तरी ती नित्य घ्यावी लागते. काठाचे गवत कापावे, कारण डास तेथेच वाढतात. काठास दगडी अस्तर दिल्यास हे काम कमी होते. पाण्यावर जलपर्णी पसरू देऊ नये. ती पसरल्यास ऊन अडते आणि तळे सडते. जाळीवरचा कचरा रोज काढावा. तळाचा गाळ काही वर्षांनी पाणी दुसरीकडे वळवून, वाळवून काढावा. तळी वाळूच्या गाळवट जमिनीत असल्यास त्यांच्या तळास चिकणमातीचे अस्तर देऊन ती चांगली कुटावी. अन्यथा पाणी झिरपून शेजारच्या विहिरी बिघडतील. कारखान्याचे पाणी मात्र ह्या तळ्यांत येऊ देऊ नये. त्यातील रसायनांनी शेवाळ व सूक्ष्म जीव मरतात आणि जड धातू जमिनीत साठून राहतात. असे पाणी कारखान्याने आपल्या आवारातच शुद्ध करावयाचे असते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच कायदा केला होता व १९७० साली मंडळ स्थापन केले होते. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली झाला.

भुयारी गटारे नसतील तेथे

अनेक लहान नगरांत भुयारी गटारे नाहीत. संडासाचे पाणी घरोघरच्या सेप्टिक टाक्यांत जाते आणि न्हाणीचे व मोरीचे पाणी उघड्या गटारात. अशा ठिकाणी गटाराचे पाणी नाल्याच्या मुखाशी अडवून तळ्यांकडे वळविता येते. परंतु टाक्यांतील गाळाची वेगळी व्यवस्था करावी लागते. टाकी वर्षानुवर्षे उपसली नाही तर ती गाळाने भरते व मैला जसाच्या तसा गटारात येतो. उपसलेला मैला नाल्यात किंवा माळावर ओतला तर टाकी बांधून उपयोग काय?

ह्या बाबतीत महाराष्ट्रातीलच दोन नगरांनी मार्ग घालून दिला आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील नगरपालिकांनी टाकी तुंबण्याची वाट न पाहता, नगराचे भाग पाडून, ठराविक वर्षांच्या पाळीने प्रत्येक घराची टाकी उपसण्याची पद्धत सुरू केली आणि गाळावर प्रक्रिया करण्यासाठी स्वतंत्र केंद्रे उभारली. हे काम यंत्रानेच करावयाचे असते. हाताने मैला उपसण्याच्या अमानुष प्रथेस १९९३ च्या व पुढे २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. टाकीत माणूस उतरविणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय आतील विषारी वायूने क्षणात प्राण जातो.

शेतास पाणी देताना घ्यावयाची काळजी

आज कित्येक ठिकाणी शेतकरी नाल्यावर मोटार बसवून कच्चे सांडपाणी उचलतात. पाण्याच्या टंचाईत दुसरा उपाय दिसत नाही, हे त्याचे कारण. परंतु कच्च्या पाण्याने हगवण, विषमज्वर, कावीळ व जंत ह्यांचा प्रादुर्भाव होतो. आणि तो प्रथम पाणी देणाऱ्याच्या, खुरपणी करणाऱ्या स्त्रियांच्या व त्यांच्याबरोबर बांधावर खेळणाऱ्या मुलांच्या वाट्यास येतो. म्हणून कच्चे पाणी शेतास देऊ नये. तळ्यांतून शुद्ध झालेले पाणी देतानाही पुढील गोष्टी पाळाव्यात.

पिकांची निवड : कपाशी, चाऱ्याची पिके, गहू, मका, बांबू व इमारती लाकडाची झाडे ह्यांस हे पाणी निःशंकपणे द्यावे. केळीस ठिबकने दिल्यास घड पाण्यास शिवत नाही, म्हणून तीही चालते. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर, काकडी, टोमॅटो अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस हे पाणी देऊ नये. अशा भाज्यांसाठी पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये मलजन्य जंतू १००० पेक्षा अधिक आणि लिटरमध्ये जंताचे अंडे एकाहून अधिक असू नये, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली सांगितली होती. हे प्रयोगशाळेत तपासल्यावाचून कळत नाही. नुसते पाणी निवळ दिसले म्हणजे ते निर्धोक झाले असे नव्हे.

पाणी देण्याची रीत : पाणी सरीतून किंवा ठिबकने द्यावे, तुषार पद्धतीने देऊ नये, कारण उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतूही उडतात. तळ्याच्या पाण्यात शेवाळ असल्याने ठिबकसाठी वाळूची गाळणी व तिच्यापुढे चकतीची गाळणी बसवावी आणि त्या वारंवार धुवाव्यात. चारा कापण्यापूर्वी निदान दोन आठवडे पाणी बंद ठेवावे व ओल्या शेतात गुरे चरावयास सोडू नयेत.

खताचा हिशेब : तळ्यांत काही नत्र उडून जाते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र राहिले असे धरू. गव्हास हेक्टरी ४० सेंटीमीटर, म्हणजे ४००० घनमीटर पाणी दिल्यास त्यातून ८० किलोग्रॅम नत्र मिळते. बागायती गव्हास हेक्टरी १२० किलोग्रॅम नत्राची शिफारस असते. म्हणजे दोन-तृतीयांश गरज पाण्यातूनच भागली. ह्यावर नेहमीप्रमाणे पूर्ण खत दिल्यास पीक माजते, लोळते व किडीस बळी पडते. म्हणून पाणी तपासून त्या मानाने खत कमी करावे.

जमिनीची काळजी : खानदेशातील भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा मंद होतो. सांडपाण्यातील सोडियम अशा जमिनीत साठत गेल्यास ती चोपण होते, तिच्यावर पापुद्रा येतो आणि मुळांस हवा मिळत नाही. म्हणून चर काढून निचरा राखावा, पावसाळ्यात जमीन स्वच्छ पाण्याने धुतली जाऊ द्यावी आणि दरवर्षी मातीची व पाण्याची तपासणी करून घ्यावी. सोडियम वाढल्याचे आढळल्यास जिप्समचा वापर किती करावा, ह्याबद्दल कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. केळीस क्षार सोसत नाहीत, हे विशेष लक्षात ठेवावे.

माणसांची काळजी : पाणी देणाऱ्याने गुडघाभर रबरी बूट व हातमोजे घालावेत. शेतात तंबाखू मळू नये व भाकरी खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. घरच्या मुलांस वेळोवेळी जंतांचे औषध द्यावे. तळ्यावर व पाटावर ‘हे पाणी पिण्याचे नाही’ अशी ठळक पाटी असावी.

फड पद्धतीचा धडा

वरील सर्व सूचना योग्य असल्या तरी त्या पाळल्या जातील ह्याची हमी कोण देणार? नगराच्या खालच्या अंगास शंभर खातेदार असले आणि त्यांतील एकाने जरी बाजारभावाच्या मोहाने कोथिंबीर लावली, तर सर्वांच्या मालाविषयी गिऱ्हाईकाच्या मनात संशय उत्पन्न होतो. एकेका शेतावर पहारा ठेवणे कोणत्याही खात्यास शक्य नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर खानदेशास बाहेरून आणावयास नको. पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवर कित्येक शतकांपासून फड पद्धत चालत आलेली आहे. नदीवर चिरेबंदी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालील जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड, अशी तिची रचना असते. प्रत्येक फडात त्या हंगामी सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे व फडाफडांतून पिकांची पाळी फिरवावयाची. कोणाचे शेत एका फडात, कोणाचे तीन फडांत विखुरलेले; त्यामुळे हित व अहित सर्वांस सारखेच. पाणी सोडण्यास पाटकरी, पिकांच्या राखणीस जागल्या आणि त्यांवर देखरेखीस हवालदार. त्यांचा मेहनताना शेतकरीच देत. वरच्या बाजूस धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि अनेक फड मोडले. तरी तिचे नियम जुन्या माणसांच्या स्मरणात अद्याप आहेत.

सांडपाण्याच्या शेतीस ह्याहून सोयीची व्यवस्था सापडणे कठीण. फडात पीक एकच असल्याने कोणते पीक घ्यावयाचे नाही, हा निर्णय एकदाच व सर्वांसमक्ष होतो आणि तो मोडणारा लपून राहत नाही. पाटकरी एकच असल्याने काढणीपूर्वी पाणी बंद करणे त्याच्या हाती राहते. आपल्या उदाहरणातील नगराच्या पाण्यावर, रोज आठ मिलिमीटर पाणी लागेल असे धरल्यास, सुमारे २७ हेक्टर म्हणजे ६७ एकर जमीन भिजू शकते. एवढ्या जमिनीचे तीन फड पाडून एकात चारा, एकात गहू व एकात कपाशी किंवा केळी घ्यावी आणि दरवर्षी पाळी बदलावी. ज्या फडास पाण्याची गरज नसेल, त्याच्या वाटणीचे पाणी चाऱ्याच्या फडास द्यावे. पाण्याची तपासणी नगरपालिकेने करावी व तिचे निकाल फडाच्या पंचांसमोर ठेवावेत.

अर्थात ह्यात अडचणी नाहीत असे नव्हे. चार हेक्टर जागा कोणी द्यावयाची, हा पहिला प्रश्न. आपल्या गावाशेजारी तळी नकोत, असा विरोधही होतो. आणि ज्या गावाने आजवर नाल्याचा त्रासच सोसला, त्याचा असा संशय समजण्यासारखा आहे. दुसरा प्रश्न वाटणीचा. सर्व पाणी पहिल्याच फडात जिरले तर त्याखालच्या गावांची नाल्यातील धार आटते व तेथील मोटारी कोरड्या पडतात. म्हणून नगरपालिकेने आराखडा करण्यापूर्वीच खालच्या सर्व गावांच्या पंचांस बोलावून पाण्याचे वाटे ठरवावेत व ते लेखी असावेत. ज्यांची जमीन तळ्यांत जाईल त्यांस मोबदल्याबरोबर पाण्यातही हक्काचा वाटा मिळावा. विजेची बाब निराळी. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानुसार शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांनी शुद्ध केलेले सांडपाणी वापरावयाचे आहे. मोठ्या शहरांच्या पाण्यास असे गिऱ्हाईक मिळू शकते. ते मिळाल्यास धरणाचे तेवढे पाणी पिण्यासाठी व शेतीसाठी मोकळे होते. लहान नगराच्या पाण्यास मात्र शेत हेच सर्वांत जवळचे व भरवशाचे गिऱ्हाईक होय.

नगराच्या खालच्या अंगास असलेल्या गावांतील शेतकऱ्यांनी प्रथम आपल्या विहिरीचे पाणी जंतू व नायट्रेट ह्यांसाठी तपासून घ्यावे. पाणी दूषित आढळल्यास ते पिण्यास वापरू नये व तो निकाल ग्रामसभेत मांडून नगरपालिकेस लेखी कळवावा. नाल्यावरील मोटारींतून कच्चे पाणी उचलण्याचे थांबवून, तळ्यांच्या योजनेसाठी एकत्र यावे. नगरवासीयांनीही सेप्टिक टाकी पाळीने उपसून घेण्यास व गटारात तेल, रसायने, प्लॅस्टिक न टाकण्यास आपणाकडून सहकार्य द्यावे. नगराचे पाणी आठ महिने फडात जिरू लागले, तर पात्रातील वाळू पुन्हा स्वच्छ होईल, काठच्या विहिरी निवळतील आणि मृगाचा पहिला लोंढा येईल तेव्हा तो वर्षभराची घाण पुढच्या गावाच्या दारी नेऊन टाकणार नाही.